फेटाळलेल्या ठेकेदाराला चार शब्द

सकाळी सरकारी टेंडरचं पोर्टल उघडलंत आणि नावापुढे 'टेक्निकल बिड अमान्य' दिसलं, तर आधी इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत जाऊन एक प्लेट पोहे खा. वरून जिरावण, म्हणजे आपला इंदुरी मसाला, सढळ हाताने घाला. एवढा निवांत नाश्ता पुन्हा कधी मिळेल, सांगता येत नाही.

मग कारण वाचा. 'पान ४७ वरील नोटरीचा शिक्का अस्पष्ट.' पान काढून खिडकीपाशी धरा. शिक्का आहे, गोल आहे, निळा आहे; स्कॅन करताना पोराचा अंगठा कडेवर आला आणि नोंदणी क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे त्याच्याखाली गेले, एवढंच. पोराला रागावू नका. पोरगा पगारावर आहे, अनामत तुमची अडकली आहे.

आता कोर्ट. हायकोर्टासाठी जबलपूर गाठायचीही गरज नाही, खंडपीठ इथेच, इंदूरला. वकीलसाहेबांपुढे "आमचा रेट सगळ्यात कमी होता हो" असं मात्र म्हणू नका. टेक्निकलमध्येच, म्हणजे कागदांच्या तपासणीतच बाद झालात, दराचं पाकीट उघडलंच नाही. तुम्ही सगळ्यात स्वस्त होतात हे फक्त तुम्हाला आणि वहिनींना ठाऊक.

शिवाय कोर्टाला निर्णयात रस नाही. १९९४ च्या टाटा सेल्युलर खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगूनच टाकलंय: आम्ही अपील ऐकायला बसलेलो नाही, निर्णय कसा घेतला तेवढं बघू. म्हणजे भाजी खारट झाली का ते विचारायचं नाही, आचाऱ्याने हात धुतले होते का ते विचारायचं. आणि हा निकाल तुमच्यापेक्षा खात्यातल्या बाबूंनी जास्त मन लावून वाचलाय. फाईल मागवून बघा: समितीची बैठक, कार्यवृत्त, तीन सह्या, खाली तारीख. हात इतके स्वच्छ की साबणाचा वास येतो.

'अस्पष्ट' म्हणजे किती अस्पष्ट, असा वाद घालाल, तर नागपूर मेट्रोचा २०१६ चा निकाल पुढे येईल. टेंडरच्या अटींचा अर्थ ज्याने टेंडर काढलं त्यालाच सगळ्यात चांगला कळतो. सासूचा शब्द, सासूचाच शब्दकोश. फारच तळमळ दाखवलीत तर जगदीश मंडल खटला आहेच. त्यात हरलेल्या निविदाकारांची काल्पनिक गाऱ्हाणी, दुखावलेला अहंकार आणि धंद्यातली चढाओढ यांचा यथोचित सत्कार केलेला आहे.

स्टे मागणार? मागा. पण २०२२ मध्ये झारखंडातल्या एका रस्त्याच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने बजावलंय की अशा कामांना स्थगिती देताना हात आखडता घ्या. मनमानी झाली असली तरी नुकसानभरपाईचा मार्ग दाखवा. काम त्याचं, भरपाईचा दावा तुमचा. वाटणी बरोबर झाली.

आणि जिंकलातच तर? १९७९ चा रमणा शेट्टी खटला आठवा. मुंबई विमानतळावरच्या दुसऱ्या दर्जाच्या रेस्टॉरंटचं आणि स्नॅक बारचं टेंडर. अट होती पाच वर्षं अनुभवी, नोंदणीकृत हॉटेलवाल्याची. काम मिळालं कँटीन चालवणाऱ्याला. कोर्ट म्हणालं, सरकारने स्वतःच घातलेली अट मोडली, हे चूक. तत्त्व इतकं पक्कं झालं की आजही वकील ते उद्धृत करतात. ठेका मात्र रद्द झाला नाही: अर्जदार शेट्टी उशिरा आला होता आणि तोवर समोरच्याने पैसे ओतले होते. तत्त्व देशाला मिळालं, स्नॅक बार कँटीनवाल्याकडेच राहिला.

तरी जायचंच असेल, तर भिया (इंदुरी भाषेत भाऊ), कानात सांगतो. स्वतःच्या शिक्क्यावर रडू नका, ज्याला काम मिळालं त्याचे कागद मागवा. त्याच्याही पान ४७ वर अंगठा निघाला आणि तो चालला, तर मग जीव आहे. २०२४ मध्ये भारत कोकिंग कोल या सरकारी कोळसा कंपनीच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हेच धरलं. एकाला मुखत्यारपत्राच्या बारीकशा खुसपटावर बाहेर काढलं, दुसऱ्याच्या अपुऱ्या कागदांकडे काणाडोळा केला. ठेका रद्द झाला. एका घरात दोन तराजू दिसले की कोर्टही चष्मा लावतं. पण पुढच्या महिन्यात बघू म्हणाल तर शेट्टी व्हाल. वर्क ऑर्डर निघायच्या आत, याच आठवड्यात जा.

तारखेला घरून जरा लवकर निघा. ज्याचं टेंडर होतं त्याच रस्त्याने जा. नवाकोरा आहे, पावसाळ्यापर्यंत गाडी बरी चालेल.