मीठ कमी पडलं

पायात पेटका येण्याआधी त्याचा निरोप येतो. मांडीच्या खालच्या टोकाला, गुडघ्याच्या आतल्या अंगाला थेंबाच्या आकाराचा एक स्नायू असतो. तिथे कातडीखाली उंदीर फिरल्यासारखी वळवळ होते. एकदाच. मग थांबते. शहाणा माणूस त्या क्षणी गिअर हलका करतो, दोन घोट पाणी पितो आणि पुढे जाणाऱ्यांना जाऊ देतो. मी मात्र ती वळवळ शेजारून जाणाऱ्या कुणाच्या तरी मांडीत झाली असावी असं ठरवतो आणि त्या शेजारून गेलेल्याला गाठायला निघतो.

माझं वय ४७. मी हौशी माउंटन बाइक शर्यतपटू आहे. हौशी म्हणजे ज्याला कुणी बोलावलेलं नसतं, ज्याचा नंबर कितवा आला याने जगात कुणालाही काडीचा फरक पडत नाही, आणि तरीही जो शेवटून बारावा येण्याऐवजी शेवटून तेरावा यावं म्हणून जिवाचं रान करतो.

या खेळाची सुरुवात करणारी माणसं माझ्यापेक्षा पुष्कळ हुशार होती. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत काही पोरांनी जुन्या जाड टायरच्या सायकली काढल्या आणि मातीच्या रस्त्यावर शर्यत लावली. शर्यत फक्त उताराची. वर जायला ट्रक मिळाला तर ट्रक, नाही तर ढकलगाडी. उतरताना मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, पडलं. त्या काळी वंगण संपायचं ते सायकलीचं. नंतर कुणीतरी चढही शर्यतीत घेतले, अंतर वाढवलं, आणि माझ्यासारख्यांचं वंगण संपायला लागलं. कोलोरॅडोतल्या लेडव्हिलला तर १०० मैलांची शर्यत असते, तिची सुरुवातच समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरच्या वर, आणि १२ तासांत संपवायची. माझी शर्यत त्या मानाने अगदीच पोरखेळ होती. ६० किलोमीटर, १,८०० मीटर चढाई, मुदत ७ तास.

पहिले दहा किलोमीटर मी सुरेख गेलो. इथेच घात झाला. शर्यतीच्या सकाळी पाय ताजे असतात, माणसं टाळ्या वाजवत असतात, आणि पुढच्या गठ्ठ्यातली मंडळी ओळखीची नसली तरी आपल्याच पातळीची वाटतात. आपण त्यांच्या मागे लागतो. घड्याळ सांगत असतं की हृदय मिनिटाला १७२ ठोके देतंय. आपण घड्याळाचा पट्टा सैल झाला असावा असं समजतो.

४३व्या किलोमीटरला चढावर, दगड आणि मुळं यांच्या जाळीत, उजव्या मांडीच्या आतल्या बाजूला पहिला खरा पेटका आला. त्याचं वर्णन करणं अवघड आहे. दुखणं हा शब्द पुरत नाही. दुखण्यात आपला थोडा तरी सहभाग असतो. इथे आपलाच स्नायू आपल्याला न विचारता मूठ वळतो, आणि आपण नुसते प्रेक्षक. मी खाली पाहिलं. मांडीवर लिंबाएवढा उंचवटा उभा राहिला होता आणि त्याच्या शेजारी, जिथे कायम मांस असतं तिथे, चक्क खळगा.

आता उतरायला हवं. इथे पेडलबद्दल सांगायला हवं. आम्ही वापरतो त्या पेडलला ‘क्लिपलेस’ म्हणतात आणि त्यात बूट खटकन अडकतो. नावात ‘लेस’ आहे, कारण पूर्वी पायाच्या बोटांवर ‘क्लिप’ नावाचा पिंजरा आणि पट्टा असायचा, तो गेला. अडकणं गेलं नाही. सुटायचं तर टाच बाहेरच्या बाजूला झटकन फिरवावी लागते. आणि टाच फिरवायला नेमके तेच स्नायू लागतात ज्यांनी नुकताच संप पुकारलेला असतो. मी टाच फिरवली. मांडीतला लिंबू मागच्या बाजूला सरकला आणि त्याचं मोसंबं झालं. टाच फिरली नाही. सायकल थांबलेली, पाय अडकलेला, तोल हळूहळू डावीकडे. बुंध्यावर शेवटचा घाव बसल्यावर झाड जसं क्षणभर विचार करतं तसा मी क्षणभर विचार केला आणि सायकलीसकट आडवा झालो.

शर्यतीत पडलेल्या माणसाला विचारायची एक रीत आहे. वेग कमी न करता विचारायचं, “ठीक ना?” आणि पडलेल्याने, हाड मोडलेलं नसेल तर, “एकदम!” म्हणायचं. मी सात जणांना “एकदम!” म्हटलं. पाठीवर पडून, एक पाय आकाशाकडे, त्या पायाला लटकलेली साडेतेरा किलोची सायकल. सातांपैकी पाच जणांनी जाता जाता उपचारही सांगितला. प्रत्येकाला बोलायला दोनच सेकंद होते, त्यामुळे एकेका शब्दाचेच सल्ले आले.

“मीठ!”

“केळं!”

“मॅग्नेशियम!”

“श्वास!”

पाचव्याने नुसतं “सराव!” म्हटलं. त्याचा नंबर मी लक्षात ठेवला आहे.

केळ्याचं म्हणाल तर माझ्या खिशात केळं होतं. पडलो तेव्हा मी त्याच्यावरच पडलो. पण ते शाबूत असतं तरी फार उपयोग नव्हता. पोटात गेलेल्या केळ्यातलं पोटॅशियम रक्तात जाणवायला अर्धा-एक तास लागतो, आणि तेव्हाही ते किंचितच वाढतं. अर्धा तास मी त्या आसनात राहिलो असतो तर एखाद्या पाखराने घरटं बांधायला सुरुवात केली असती.

शेवटी एक बाई थांबल्या. साठीच्या असाव्यात. पांढरी वेणी, चिखलाने भरलेला चश्मा. त्यांनी आधी माझा बूट पेडलमधून सोडवला, मग माझी टाच स्वतःच्या पोटावर टेकवून पायाचा पंजा माझ्याकडे ढकलला, आणि पाठीवरच्या पिशवीतून बोटाएवढी बाटली काढली.

“काकडीच्या लोणच्याचं पाणी. चव बघत बसू नका, गिळा.”

मी गिळलं. समुद्रात व्हिनेगर ओतून कुणीतरी तो घशात उलटा केल्यासारखं वाटलं. मानेपर्यंत शहारा आला. आणि खरं सांगतो, मिनिट-दीड मिनिटात मांडीतली मूठ उघडली. मी आभार मानायला तोंड उघडेपर्यंत बाई पुढच्या वळणावर दिसेनाशा झाल्या होत्या. त्या नक्की कितव्या आल्या हे मी नंतर निकालात पाहिलं. ते सांगायची गरज नाही.

या पाण्यामागे बरंच शास्त्र आहे. २०१० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी घाम गाळून थोड्या कोरड्या पडलेल्या माणसांच्या घोट्याजवळच्या नसेला विजेचे झटके देऊन पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत मुद्दाम पेटके आणले. एकदा साधं पाणी पाजलं, एकदा लोणच्याचं. साध्या पाण्यावर पेटका सरासरी १३४ सेकंद टिकला, लोणच्याच्या पाण्यावर ८५. एवढ्या वेळात पोटातलं मीठ रक्तातून अंगठ्यापर्यंत पोहोचणं शक्यच नाही. म्हणजे कामगिरी मिठाची नाही, घशाला बसलेल्या चपराकीची. घशातल्या नसा मज्जारज्जूला असा काही निरोप धाडतात की स्नायूला सतत ‘आवळ, आवळ’ सांगणारी नस गप्प होते, असा अंदाज आहे. रॉडरिक मॅकिनन नावाचे शास्त्रज्ञ आहेत. पेशींच्या पटलातल्या आयन मार्गिकांवरच्या, म्हणजे क्षारांचे कण आत-बाहेर जाण्याच्या वाटांवरच्या, कामासाठी त्यांना २००३ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कयाक वल्हवताना भर समुद्रात त्यांना पेटके आले, तेव्हा त्यांनीही याच दिशेने विचार केला आणि मिरची, आलं, दालचिनी अशा झणझणीत गोष्टी पोटात घेऊन पाहिल्या. मला त्यातून फार धीर आला. नोबेलवाल्यालाही पेटका सोडत नाही, आणि नोबेलवालाही शेवटी आलंच शोधतो.

पण लोणच्याचं पाणी आलेला पेटका घालवतं, येणारा थोपवत नाही. हे मला ५१व्या किलोमीटरला कळलं.

वाटेत आडवं पडलेलं झाड होतं. सायकल खांद्यावर घेतली, एक पाय ओंडक्यावरून पलीकडे टाकला आणि दुसरा उचलला. त्या क्षणी मांडीचा पुढचा स्नायू आणि मागचा स्नायू, दोघांनी एकमताने मूठ वळली. एरवी यांचं कधी पटत नाही. पुढचा गुडघा सरळ करतो, मागचा वाकवतो. पुढच्यात पेटका आला की उपाय सोपा, गुडघा वाकवा. मागच्यात आला तर गुडघा सरळ करा. जाणकार आणखी एक युक्ती सांगतात. पेटका आलेल्या स्नायूच्या विरुद्ध बाजूचा स्नायू मुद्दाम आवळा, म्हणजे शरीराच्या नियमाने हा आपोआप ढिला पडतो. युक्ती उत्तम आहे. फक्त विरुद्ध बाजूचा स्नायू आधीच, स्वखुशीने, जीव खाऊन आवळलेला नसावा.

गुडघा वाकवला की मागून कळ. सरळ केला की पुढून. मी मधला कोन शोधला आणि तिथेच थांबलो. ओंडका दोन पायांच्या मध्ये, सायकल खांद्यावर, एका हाताने कोवळं झुडूप धरलेलं. मागून आलेल्या एका तरुणाने नम्रपणे विचारलं, “काका, फोटो काढताय का? बाजूने जाऊ?” मी म्हटलं, “जा बाळा.” तो ओंडक्यावरून सायकलीसकट उडी मारून गेला. बसल्या सीटवरून. मी त्या कोनात किती वेळ होतो सांगता येत नाही, पण झुडपावरच्या मुंग्यांची माझ्या कोपराशी चांगली ओळख झाली.

तिथे उभ्या उभ्या मला माझी बाजू मांडायला भरपूर वेळ होता, आणि मी ती मांडू शकलो नाही. कारण पेटक्यांबद्दल मी जेवढा सराव केला त्यापेक्षा जास्त वाचलेलं आहे. स्नायूत एक यंत्रणा असते, ती ताण आला की ‘आवळ’ म्हणते. स्नायूच्या टोकाला, कंडरेत, दुसरी असते. ती फार ओढ बसली की ‘पुरे, सोड’ म्हणते. स्नायू थकला की पहिली बेभान ओरडायला लागते आणि दुसरी पेंगते. त्यात स्नायू आखूडलेल्या स्थितीत असेल, म्हणजे पाय उचललेला, टाच फिरवलेली, तर कंडरेवर ओढच नसते आणि दुसरी ठार झोपते. म्हणून ताण देऊन स्नायू लांबवला की पेटका सुटतो. दुसरीला जागं करायचं, एवढंच.

हे श्वेलनस नावाच्या दक्षिण आफ्रिकी डॉक्टरांचं म्हणणं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०११ साली २१० आयर्नमॅन स्पर्धकांचा, म्हणजे एकाच दिवशी लांबलचक पोहणं, सायकल आणि धावणं करणाऱ्यांचा, अभ्यास प्रसिद्ध केला. पेटके आलेले आणि न आलेले, दोघांच्या रक्तातल्या क्षारांत फरक नव्हता. वजनात झालेल्या घटीतही नव्हता. दोनच गोष्टी वेगळ्या निघाल्या. पेटके आलेले लोक तयारी सारखीच असूनही जास्त वेगाने गेले होते, आणि त्यांना आधीच्या शर्यतींतही पेटके आले होते.

आता माझा हिशेब. मिठाच्या गोळ्या: सहा घेतल्या. पाणी: साडेचार लिटर. सरावातली सर्वांत लांब फेरी: ३८ किलोमीटर. पेटका आला ४३व्याला. म्हणजे मधले पाच किलोमीटर शरीराने मला उधारीवर दिले होते, आणि मी ते १७२ ठोक्यांनी उडवले.

तरीही माणसाला मीठ का हवं असतं हे मला पूर्ण कळतं. मिठाची कमतरता ही प्रतिष्ठित कमतरता आहे. ‘माझ्या अंगातलं मीठ संपलं’ म्हणणारा माणूस घाम गाळलेला वीर वाटतो. ‘मी सहा महिने रविवारी उशिरा उठलो’ म्हणणारा तसा वाटत नाही. मीठ बाटलीत मिळतं, पुड्यांत मिळतं, गोळ्यांत मिळतं. पहाटे पाचचा सराव अजून कुणी पुडीत भरलेला नाही.

शेवटचे नऊ किलोमीटर मी पेटक्याशी वाटाघाटी करत काढले. सपाटीवर सर्वांत हलका गिअर. उतारावर पेडलवर उभं राहायचं, पण पोटऱ्या ओढून धरायला टाचा खाली. चढ आला की मुकाट उतरायचं, आणि उतरण्याआधी वीस मीटरपासूनच टाच फिरवायची तयारी सुरू करायची, बोट धक्क्याला लावतात तशी. एका जागी मी चालताना एका गोगलगायीच्या पुढे गेलो याचा मला मनापासून आनंद झाला. ६ तास ४८ मिनिटांनी मी रेषा ओलांडली. मुदतीला १२ मिनिटं बाकी होती. कुणीतरी पदक गळ्यात घालायला आलं. मी मान खाली घातली, आणि तेवढ्यानेही पोटरीत काहीतरी हललं.

बायको घडीची खुर्ची घेऊन उभी होती. मी तिच्यात कोसळलो. बूट काढायला वाकलो तर मांडी, पाय वर उचलला तर पोटरी. शेवटी तीच खाली बसली आणि माझ्या बुटाची चकती फिरवायला लागली. सायकलीच्या बुटांना नाडीऐवजी तारा आणि चकती असते, ती चिखलाने घट्ट बसली होती.

“काय झालं?” तिने मान वर न करता विचारलं.

“मीठ कमी पडलं.”

“मागच्या वेळीही तेच पडलं होतं.”

“या वेळी जरा जास्तच कमी पडलं,” मी म्हणालो, आणि तिने बूट ओढला तेव्हा पायाच्या अंगठ्यात पेटका आला.