जर्मनीचं उदाहरण देताय तर पूर्ण द्या

ऑगस्ट 2025 पासून गोव्यातल्या माझ्या गावच्या मित्रांशी जर्मनीतून बोलायला बसलं की विषय सायकलच्या चेनवरून सुरू होतो, टेन्टवरून फिरतो आणि शेवटी कुत्र्यांवर येऊन अडकतो. 11 ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने दिल्ली आणि आजूबाजूची भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा म्हणून सांगितलं. 22 तारखेला तो आदेश बदलला, नसबंदी आणि लस झालेली कुत्री जिथून उचलली तिथेच परत सोडा, रेबीजवाली आणि अंगावर येणारी सोडू नका, खायला घालायचं तर ठरवून दिलेल्या जागेवरच घाला. मग 7 नोव्हेंबरला शाळा, हॉस्पिटलं, बसस्टँड, रेल्वे स्टेशनं इथली कुत्री काढा आणि तिथे परत आणू नका असं आलं. दिल्लीचा विषय डिचोलीत चहाच्या टेबलावर पोचायला वेळ लागला नाही, आणि दर वेळी कोणीतरी मला विचारतंच, तू सांग रे, तुमच्या जर्मनीत एक तरी कुत्रं रस्त्यावर दिसतं काय?

नाही दिसत. हानोव्हरला आल्यापासून बेवारशी कुत्रं बघितलेलं नाही, आणि देशात कुत्री एक कोटीच्या वर आहेत. पण हे उत्तर एवढंच दिलं की समोरचा म्हणतो बघ, उचलून टाकली की झालं, आणि तिथेच माझा जीव वर-खाली होतो, कारण इथे जे आहे ते उचलून झालेलं नाही. प्रशियात कुत्र्यावर कर 1810 मध्ये बसला. आज जवळजवळ प्रत्येक नगरपालिका घेते आणि बऱ्याच मोठ्या शहरांत एका कुत्र्याला वर्षाला शंभर युरोच्या वर जातात. मी राहतो त्या नीडरझाक्सन राज्यात 2013 पासून पहिल्यांदाच कुत्रं घेणाऱ्याला आधी लेखी परीक्षा द्यावी लागते, मग पहिल्या वर्षाच्या आत प्रात्यक्षिक, म्हणजे कुत्र्याला घेऊन रस्त्यावर परीक्षकासमोर चालून दाखवायचं. कुत्रं सहा महिन्यांचं झालं की मायक्रोचिप पाहिजे आणि विमा पाहिजे, त्याने कोणाला चावलं किंवा सायकलवाल्याला पाडलं तर भरपाईसाठी. 1 एप्रिल ते 15 जुलै जंगलात, शेतात कुत्रं पट्ट्याशिवाय सोडायचं नाही कारण तेव्हा पक्षी जमिनीवर अंडी घालतात आणि हरणांना पिल्लं होतात. म्हणजे प्रत्येक कुत्र्यामागे एका माणसाचं नाव लिहिलेलं आहे. हे सगळं नको आणि फक्त रिकामा रस्ता हवा, असं उदाहरण अर्धं आहे.

आणि एक गोष्ट घरी कोणालाच माहीत नसते. जर्मनीत रेबीज होता, अगदी माझ्या वयाच्या लोकांना आठवतो एवढ्यात. तो कोल्ह्यांमधून पसरायचा. सुरुवातीला इथल्या लोकांनी काय केलं, तर कोल्हे मारले, बिळांत गॅस सोडला, आणि रेबीज काही थांबला नाही. मग 1983 मध्ये लस घातलेलं आमिष जंगलात टाकायला सुरुवात केली, पुढे ते विमानातूनही टाकायला लागले, आणि 2008 मध्ये देश जमिनीवरच्या प्राण्यांच्या रेबीजमधून मुक्त जाहीर झाला. वटवाघळांतला राहिला, तो वेगळा. मारून जे जमलं नाही ते लस देऊन जमलं, आणि त्यालाही पंचवीस वर्षं सलग काम लागलं.

आता आपल्याकडे बघा. गोव्याने हेच केलंय, कुत्र्यांवर. मिशन रेबीज या संस्थेचे लोक आणि सरकारचं पशुसंवर्धन खातं, 2013-14 पासून जाळी घेऊन वाड्यावाड्यावर फिरले, वर्षाला एक लाखाच्या आसपास कुत्र्यांना लस दिली, शाळांत जाऊन मुलांना शिकवलं, आणि 2021 मध्ये मुख्यमंत्र्यांनी गोवा देशातलं पहिलं रेबीजमुक्त राज्य म्हणून जाहीर केलं. त्याआधीची तीन वर्षं माणसाचा एकही मृत्यू नव्हता. त्यांचा हिशोब असा की भागातल्या किमान सत्तर टक्के कुत्र्यांना लस असली की साखळी तुटते. म्हणून कोणी म्हणतं सगळी उचला, तेव्हा मला भीती वाटते ती याची, की लस घेतलेलं, नसबंदी झालेलं, वाड्यावरच्या सगळ्यांना ओळखणारं कुत्रं उचललं जाईल, आणि मासळीबाजाराचा आणि हॉटेलचा कचरा तिथेच पडलेला असल्यामुळे दोन महिन्यांत दुसरीकडचं, लस नसलेलं कुत्रं त्या जागी येऊन बसेल. ज्यांच्या पोराला चावलंय त्यांचा राग खरा आहे, त्यांना प्राणिप्रेमाचं भाषण द्यायला मी जाणार नाही. पण ते ज्या उपायावर जोर देतायत त्याने त्यांचं पोर जास्त सुरक्षित होत नाही.

कुत्री येतात कुठून हा प्रश्न आपण विचारतच नाही. ऑक्टोबर ते मे किनाऱ्यावर शॅक, म्हणजे बांबूची तात्पुरती हॉटेलं असतात, शॅकवर कुत्री पोसली जातात, पर्यटक त्यांना लाडाची नावं देतात, चिकन घालतात, आणि जून उजाडला, बांबू उतरले की ती कुत्री उपाशी. मग ती कळप करून रात्रीची रस्त्यावर येतात आणि चावलं की सगळी भटकी. दुसरं म्हणजे आमच्यासारख्यांची बंद घरं. मुलगा दुबईला, मुलगी लंडनला, म्हातारी माणसं गेली, आणि अंगणात राखणीला एक कुत्री, जिला शेजारची बाई उरलंसुरलं घालते. तिची वर्षाला दोनदा पिल्लं होतात. ती पिल्लं कोणाच्या नावावर? हे बोलायची जबाबदारी परदेशात बसलेल्यांची जास्त आहे, घर आपलं म्हणून कागदावर ठेवायचं तर त्या घराचं कुत्रंही आपलंच.

इथे गंमत नाही, गंभीरपणे सांगतो, गोव्याच्या मोरजी-आरंबोळ किनाऱ्यांवरची कुत्री मी इथल्या बागेत फिरताना बघितली आहेत. सुट्टीत गेलेल्या जर्मन माणसाचा जीव जडतो आणि तो त्याला घेऊन येतो. आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त तपासणी, ती पास झाली की रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं, मगच युरोपात एन्ट्री. एवढे सोपस्कार करणाऱ्याचं मला कौतुक आहे. पण तेच कुत्रं आपल्या पंचायतीत कुठेच नोंदलेलं नव्हतं आणि इकडे आल्याआल्या त्याची पालिकेत नोंद झाली, गळ्यात कराचा बिल्ला आला.

घरचे मित्र मला रोज विचारतात त्या गोष्टी साध्या असतात. लॅब्राडोर घेऊ की हस्की. अरे बाबा, हस्की सैबेरियातला, मे महिन्यात म्हापशात त्याला एसीत कोंडून ठेवायचं म्हणजे त्या जिवाला शिक्षा. गावठी पिल्लू घ्या, लस द्या, नसबंदी करा, दुपारच्या डांबरावर चालवू नका, पावसात रोज कानात आणि बोटांच्या मध्ये गोचीड बघा कारण गोचीडतापाने चांगली धडधाकट कुत्री जातात. सायकलमागे कुत्रं लागलं तर काय करायचं हा तर ठरलेला प्रश्न. जोरात पॅडल मारू नका, ते पळणाऱ्या वस्तूच्याच मागे लागतं. थांबा, उतरा, सायकल तुमच्या आणि त्याच्या मध्ये धरा, खणखणीत आवाजात घरी जा म्हणा आणि चालत पुढे व्हा. बहुतेक कुत्री आपली हद्द संपली की सोडतात. चावलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन इंजेक्शन सुरू करा. राज्य रेबीजमुक्त जाहीर झालंय म्हणून इंजेक्शन चुकवायचं नाही, हळद-चुन्यावर तर बिलकुल थांबू नका.

सायकलबद्दलही घरचे सल्ले ऐकण्यासारखे असतात, चवथीला घरी गेलो की मीही तेच पाळतो. पहाटे पाचला निघा, मागे लाल लाईट लुकलुकती ठेवा, हायवे सोडून चोडण-दिवाडी बेटांवरची चक्कर धरा, खाऱ्या वाऱ्याने चेन गंजते म्हणून पावसात जाड तेल लावा, डिचोली-साखळीकडे खाणीची लाल धूळ तेलात मिसळून गिअर खाते, ती आठवड्याला धुवा. पण या सगळ्या सल्ल्यांत सायकलवाल्याने स्वतःला कसं वाचवायचं एवढंच आहे. गाडीवाल्याला कोणी काही सांगत नाही. जर्मनीत 2020 पासून कायद्यात आकडाच लिहिलाय, सायकलला ओव्हरटेक करताना गावात दीड मीटर, गावाबाहेर दोन मीटर अंतर ठेवा. तेवढी जागा नसेल तर मागे थांबा. सायकलवाल्यालाही सूट नाही, लाईट नसला तर वीस युरो, सिग्नल तोडला तर किमान साठ आणि वर लायसन्सच्या खात्यावर दंडाचा एक पॉइंट. आणि तरी इथे वर्षाला चारशेच्या वर सायकलवाले मरतात, सायकलच्या पट्ट्यावर गाडी लावण्यावरून रोज भांडणं होतात, हा स्वर्ग आहे असं मी कोणाला सांगितलेलं नाही. फरक एवढा की अपघात झाला की अंतर किती होतं हा प्रश्न पहिला विचारला जातो, आपल्याकडे हेल्मेट होतं काय हा.

शिवाय गोव्यात सायकल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लाख रुपयांची सायकल येते. 2019 पासून (कोविडची वर्षं सोडून) पणजीत आयर्नमॅन 70.3 ही पोहणं, सायकल आणि धावण्याची शर्यत होते, त्यात 90 किलोमीटर सायकल असते, त्या रविवारी रस्ते बंद करतात. छान आहे, मिरामारला उभं राहून टाळ्या वाजवायला मला आवडतं. पण एका रविवारी रस्ता मोकळा करता येतो तर पोदेरासाठी, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्यासाठी, दररोज सकाळी दोन तास गाड्यांचा वेग का कमी करता येत नाही? मागे पावांची टोपली, हँडलला रबरी भोंपू, सगळ्यात आधी रस्त्यावर तोच असतो, आणि संध्याकाळी बांधकामावरून अंधारात परतणारे मजूर, ज्यांच्या सायकलला लाईट सोडा, रिफ्लेक्टरही नसतो. सायकलचा विषय त्यांच्यापासून सुरू व्हायला हवा. आमच्या भागात खाणी 2012 ला बंद पडल्या, मध्ये चालू झाल्या, 2018 ला परत बंद, आणि आता ट्रक पुन्हा फिरायला लागलेत. ट्रकच्या रस्त्यावर शाळेला सायकलने जाणारं मूल कडेच्या गटाराच्या लादीवरून चालवतं. कडेला एक मीटर रुंद पट्टी आखून द्या, एवढीच मागणी आहे, जर्मनीचा सायकल हायवे कोणी मागत नाही.

टेन्टबद्दल थोडक्यात सांगतो. इथे कुठेही तंबू ठोकता येतो हा घरच्यांचा समज चुकीचा आहे, ते स्वीडन-नॉर्वेत. जर्मनीच्या जंगलात तंबू टाकला तर दंड. पण फाल्झच्या जंगलात त्यांनी छान सोय केलीय, एप्रिल ते ऑक्टोबर मोजक्या जागा, थोडेच तंबू, आगीची ठरलेली जागा, संडास, आणि बुकिंग केल्यावरच नेमकी जागा कळते. आपल्याकडे 2019 ला कायदा बदलून पर्यटन स्थळांवर उघड्यावर दारू पिणं आणि चूल मांडणं यावर माणसी दोन हजार, ग्रुपला दहा हजार दंड तेव्हा ठरवला होता, आणि जुलै 2023 ला नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले तेव्हा अभयारण्यांतले धबधबेच बंद केले. चोरी-छुपे लोक जातातच. बाटल्या टाकतात, वर सत्तरी तालुक्याच्या रानात जानेवारी ते मे गोचिडांतून माकडतापाची भीती असते हे बाहेरून आलेल्याला कोणी सांगत नाही. आणि कुत्र्याला बरोबर घेऊन तंबूत झोपायचा फोटो कितीही सुंदर असला तरी घाटात तसं करू नका, बिबट्या कुत्र्यासाठीच येतो. नेत्रावळीत चार-पाच ठरलेल्या जागा गावातल्याच लोकांच्या हातात द्या, त्यांना भाडं मिळू दे, ते कचऱ्यावर पोलिसापेक्षा चांगलं लक्ष ठेवतील.

माझ्या मित्रांना मी हल्ली एवढंच म्हणतो, कुत्री ठेवा की उचला यावर एकमेकांशी भांडण्यापेक्षा पुढच्या ग्रामसभेला जा आणि तीन गोष्टी ठरावात लिहून घ्या. घरच्या प्रत्येक कुत्र्याची मालकाच्या नावासकट नोंद, बंद घरांचीसुद्धा, मालक परदेशात असला तरी. शॅकला परवानगी देताना तिथल्या कुत्र्यांची नसबंदी आणि लस ही अट. आणि शाळेच्या रस्त्यावर सायकलची पट्टी. फी किती ठेवायची ते गावाने ठरवावं, आमच्या घराची पहिली पावती माझ्या नावाने फाडा, पैसे मी इथून पाठवतो.