पाणी तोडून उत्पादकता वाढत नाही

'गोदामाची उत्पादकता महिन्यात दुप्पट करा' असा एक मेसेज बेळगावच्या उद्यमबागपासून होनग्यापर्यंत फिरतोय. उपाय चार: रोज 12 तास ड्युटी, पाण्याला-लघवीला दिवसात दोनदाच सुट्टी, पगाराऐवजी नगावर दर, आणि सगळ्यांच्या हातात स्कॅनर. काल माझ्या मेव्हण्यानं तो घरच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, 'सोमवारपासून आमच्याकडं चालू.' त्याच्या हाताखाली 20 माणसं आहेत, म्हणून हे लिहितोय.

पाण्याचं आधी घेतो, कारण तो हिशेब वाचून डोकं फिरलं. माणशी 15 मिनिटं धरली तर 20 जणांचे रोज 5 तास 'चोरीला' जातात म्हणे. गुणाकार तेवढा बरोबर आहे. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली 50 किलोची पोती उचलणारा माणूस घामानं निथळत असतो. त्याचं पाणी तोडलं की आधी चाल मंदावते, मग पकड सुटते आणि पोतं पायावर येतं. आणि 15 मिनिटं लागतात कशाला? पाणी ऑफिसच्या दारात आणि माणूस शेवटच्या रॅकला, म्हणून. पाण्याचा ड्रम गोदामाच्या मधोमध आणून ठेवा. लघवीची मोजदाद करणं हा तर निव्वळ अमानुषपणा आहे, त्यावर चर्चा काय करायची?

आता 12 तास. सहा दिवस धरले तर आठवड्याला 72. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कावेल यांनी 2014 मध्ये पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कामगारांच्या जुन्या नोंदी तपासून मांडलं, की 70 तास राबणाऱ्यांचं उत्पादन 56 तास काम करणाऱ्यांपेक्षा फारसं जास्त नव्हतं. वरचे 14 तास जवळजवळ वाया. युद्ध चालू असताना, मालाची निकड असताना ही गत. आपल्याकडं तिसऱ्या प्रहरानंतर चुकीच्या गाडीत चढलेला माल परत उतरवण्यात किती वेळ जातो, ते कुठल्याही गोदाम कारकुनाला विचारा.

'कर्नाटक सरकारनंच 12 तासांना परवानगी दिलीय' हे मेसेजमधलं वाक्य अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो. 2023 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, पण ती कारखान्यांसाठी. त्यात विश्रांती 12 तासांतच धरली होती, कामगाराची लेखी संमती लागत होती आणि आठवड्याची 48 तासांची मर्यादा कायम होती. म्हणजे पूर्ण 12 घेतले तर चार दिवसांत आठवडा संपला. एवढा भाग मेसेजवाल्यानं सोयीनं गाळलाय.

नगावर दर लावला की नग वाढतात, हेही खरं. फुटलेली खोकी आणि दुखावलेल्या कमरा त्या आकड्यात दिसत नाहीत. स्कॅनर चांगलाच, पण माल कुठं ठेवायचा हेच ठरलेलं नसेल तर तो काय सांगणार?

गोदामात माल गोळा करणाऱ्याचा मोठा वेळ चालण्यात आणि शोधण्यात जातो. रोज निघणारा माल मागच्या भिंतीला आणि वर्षातून दोनदा लागणारा दाराशी, हे मी स्वतः बघितलंय. आपल्याकडं आणखी एक भानगड: खानापूरकडचा पोरगा मराठी वाचतो, गोकाकचा कन्नड, बिहारचा हिंदी, आणि रॅकवरच्या पाट्या इंग्रजीत. मग प्रत्येकजण दुसऱ्याला विचारत फिरतो. मोठे आकडे आणि रंगाचे पट्टे मारले तर हा प्रश्न एका दुपारी मिटेल.

मेव्हण्याला एवढंच सांगितलंय: सोमवारी नियम लावण्याआधी घड्याळ घेऊन एका हमालामागं दिवसभर फिर, आणि तो कुठं कुठं थांबला ते लिहून मला पाठव.