खुलासा : पाउला मोडरझोन-बेकरचं ते चित्र गरोदरपणातलं नाही

जर्मन चित्रकार पाउला मोडरझोन-बेकरचं पोटावर हात ठेवलेलं सेल्फ-पोर्ट्रेट सध्या फिरतंय, खाली लिहिलंय की गरोदर असताना स्वतःचं हे शेवटचं चित्र काढलं आणि बाळंतपणातच गेली. असं नाहीये हो.

चित्र पॅरिसमधलं, तारीख २५ मे १९०६, तिच्या लग्नाचा वाढदिवस. नीट बघितलं तर खाली तिनेच लिहिलंय की तिसाव्या वर्षी, सहाव्या लग्नदिवशी हे काढलं, आणि सही फक्त पी. बी. म्हणजे नवऱ्याचं मोडरझोन तिने गाळलंय, कारण फेब्रुवारीतच ती नवऱ्याला, ओटोला, आणि ब्रेमेनजवळचं वॉर्प्सवेडे गाव सोडून पॅरिसला आली होती. मुलगी माथिल्डे झाली २ नोव्हेंबर १९०७ ला, म्हणजे जवळजवळ दीड वर्षानंतर, त्यामुळे तेव्हा ती गरोदर असणं शक्यच नाही.

कमरेला पांढरं कापड, गळ्यात अंबरची माळ, वर उघडं अंग, आणि नजर सरळ आपल्याकडे. त्या काळात एका बाईने स्वतःला असं रंगवणं ही केवढी मोठी गोष्ट होती, आणि आपण त्यावर रडकी कहाणी चिकटवतोय याचं मला खरंच वाईट वाटतं.

मृत्यूचंही तसंच. बाळंतपणात नाही, त्यानंतर अठरा दिवसांनी, २० नोव्हेंबरला, अंथरुणातून उठल्यावर एम्बोलिझमने, म्हणजे रक्ताची गुठळी अडकून, गेली, वय ३१. मूळ चित्र ब्रेमेनला तिच्याच नावाच्या म्युझियममध्ये आहे, ते १९२७ ला उघडलं. पोस्ट टाकली असेल तर तेवढी ओळ बदला प्लीज.