‘इम्पोर्टेड आहे मॅडम, बघायलाच लागणार नाही’

रात्री सव्वादोन. घर्रर्र. चार सेकंद, की बंद. नळ एकही उघडा नाही, उठलेलं कोणी नाही आणि पलंगाखालचा पंप आपला सुरू. मी उशी डोक्यावर घेऊन मोजत पडले. नऊ मिनिटांनी परत घर्रर्र. शेजारी नवरा घोरतोय, त्याचा आणि पंपाचा ताल मात्र जुळत नाही.

आमच्या या चाकांवरच्या घराला गच्चीवर टाकी नाही. नव्वद लिटरची टाकी खाली, तिथून बारा व्होल्टचा पंप पाणी वर ढकलतो. नळ बंद केला की पाईपात दाब भरतो आणि पंपातला स्विच त्याला थांबवतो. दाब उतरला की पंप पुन्हा चालू. म्हणजे नळ बंद असताना पंप बोलायला लागला, तर पाणी कुठेतरी गळतंय. एवढं कळायला इंजिनियर असावं लागत नाही. कुठे गळतंय हे बघायला मात्र आमच्या गाडीत सुतार असावं लागतं!

कारण ज्या बॉडीवाल्याने ही टेम्पो ट्रॅव्हलर आम्हाला घर करून दिली, त्या महाभागाने पंप पलंगाखाली बसवला, त्यावर प्लाय ठोकला, प्लायवर सनमायका चिकटवला आणि कडेने बीडिंग मारलं. वर सोळा स्क्रू. एक साधं झाकण? बिजागरी? हात जाईल एवढं भोक? छे! मी तेव्हाच विचारलं होतं, दादा, हे उघडायचं कसं? तर म्हणे, ‘इम्पोर्टेड आहे मॅडम, बघायलाच लागणार नाही.’ सात महिन्यांत चौथ्यांदा बघतेय.

तर सकाळी तारकर्लीच्या सुरूच्या बनात अख्खा संसार बाहेर. गादी बाहेर, भांडी बाहेर, पिठाचा डबा गाडीच्या टपावर. फिरायला आलेले लोक थांबून बघतायत. एक काका म्हणाले, ‘वा, काय लाइफ आहे तुमचं!’ माझ्या हातात तेव्हा डोकं खाल्लेला स्क्रू होता. सोळातले तीन तसलेच, पेचकस नुसता गरगर फिरतो. ते पकडीने उपटले. प्लाय उचलला, तर खालची कड फुगून बिस्किटासारखी झालेली. म्हणजे हे ठिबकणं काही कालचं नव्हे.

गळत होता एक एल्बो, म्हणजे पाईप जिथे काटकोनात वळतो तिथला जोड. माझ्या अंगठ्याएवढा प्लास्टिकचा तुकडा, पाईप आत ढकलला की बसतो तसला, त्याला केसाएवढी चीर. त्याला मी दोष देत नाही. मुंबई-गोवा रस्त्यावर पनवेलपासून जे हादरे बसलेत त्यात माझ्या मणक्यांची वाट लागली, तिथे प्लास्टिक काय टिकणार?

आता हा एल्बो बारा मिलिमीटरचा. आपल्या देशात नळाचा पाईप इंचात असतो. अर्धा इंच, पाऊण इंच, एक इंच. आपला अर्धा इंची सीपीव्हीसी, म्हणजे घरातल्या नळांचा नेहमीचा प्लास्टिक पाईप, बाहेरून भरतो जवळपास सोळा मिलिमीटर. म्हणजे आमचा पाईप कुठल्याच दुकानाचा नाही. मालवणात तीन दुकानं फिरले. तिसऱ्याने तो तुकडा उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, ‘हो साईज हय गावाचो नाय. कुडाळाक बघा.’ कुडाळात म्हणाले, कणकवली. कणकवलीत सल्ला मिळाला, तोही फुकट: ‘वहिनी, एमसील मारा ना!’

मारलं. एमसीलचा यात काही दोष नाही, ते दगडासारखं घट्ट होतं, तेच त्याचं काम. पण आमचं घर दिवसाला शंभर किलोमीटर थडथडतं. घट्ट झालेला दगड फोंडा घाट चढेपर्यंत पाईपावरून सुटला. नवरा म्हणाला, ‘रात्रीपुरता पंपाचा स्विच बंद ठेवू की.’ हो, ठेवू. आणि रात्री उठलेल्या माणसाने हात धुवायला समुद्रावर जायचं का? तेही आता समुद्र घाटाखाली राहिल्यावर?

शेवटी अक्कल सुचली ती राधानगरीला चहा पिताना. टपरीशेजारी पंक्चरवाला, त्याच्या कॉम्प्रेसरला निळा पाईप आणि त्या पाईपाला डिट्टो तसलाच जॉइंट! ढकलला की बसणारा. हवेच्या लायनीचे जॉइंट आपल्याकडेही मिलिमीटरमध्येच मिळतात: सहा, आठ, दहा, बारा. बारा! हे त्या इम्पोर्टेडवाल्याला माहीत असायला नको होतं? मुळात त्याने साधा अर्धा इंची पाईप टाकला असता, तर जिल्ह्यातल्या कुठल्याही प्लंबरने दहा मिनिटांत काम केलं असतं. पण मग ‘इम्पोर्टेड’ म्हणून पैसे कसे लावणार?

कोल्हापूरला उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, पहिल्याच दुकानात मिळाला. दुकानदाराने ड्रॉवर उघडला, नुसतं बघून एल्बो काढला, पाईपाचा तुकडा त्यात खटकन बसवून दाखवला आणि विचारलं, ‘ताई, मशीन कुठलं आहे?’ म्हटलं, मशीन नाही, घर आहे. तो माझ्याकडे बघत राहिला.

मी दहा घेतले. नवरा म्हणाला, दहा कशाला, गळतोय एकच. त्याला म्हटलं, तू गप्प बस आणि समोरच्या दुकानातून दोन बिजागऱ्या घेऊन ये.