काकूच्या बळदात हस्तर नाही, भात आहे

परवा गुहागरहून काकूचा फोन. "अरे, दोन पोरं मोटरसायकलवरून आली होती. म्हणे, आजी, घराला तळघर आहे ना? पायाळू माणूस आणून पुरलेलं धन बघू का?" काकू 76 वर्षांची, एकटी राहते. चार दिवस आधी आमच्याच एका शहाण्याने तिला तो मेसेज पाठवला होता: 'तुंबाड सिनेमा सत्यकथा आहे. तो वाडा कोकणात अजून उभा आहे. तिथे बारमाही पाऊस पडतो. कोकणातल्या प्रत्येक बंद वाड्यात शापित सोनं पुरलेलं आहे.' गावातही तो फिरला असणारच. त्याशिवाय पोरांना तळघर कुठून सुचणार?

तुंबाड नावाचं गाव आहे, हे कबूल. खेड तालुक्यात. श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या 1987च्या कादंबरीमुळे मराठी वाचकाला ते नाव सिनेमाच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. दोन जाडजूड खंड आहेत, वाचून काढा. हस्तर सापडला तर मला कळवा. पुराणातही तो नाही, 2018च्या सिनेमासाठी रचलेला देव आहे तो. उत्तम रचलाय, मीही दोनदा पाहिला.

आणि तो वाडा? सासवडचा, पुरंदऱ्यांचा. सासवड पुणे जिल्ह्यात. म्हणजे हस्तरला भेटायचं तर गुहागरकरांनी कुंभार्ली घाट चढून देशावर जायला हवं. बारमाही पावसाचं तर बोलूच नका. मे महिन्यात या, काकूच्या विहिरीचा तळ दाखवतो.

आता सोनं. पूर्वी लोक नाणी हंड्यात घालून पुरत, हे अगदीच खोटं नाही. म्हणून तर 1878चा कायदा आहे: जमिनीत पुरलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. पण पायाळू शोधत हिंडणाऱ्यांना तो कायदा नको असतो, त्यांना विधी हवा असतो. पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेलं माणूस. त्याला जमिनीखालचं दिसतं म्हणे. आणि असं माणूस कित्येकदा कुणाचं तरी लहान पोर असतं, हे मेसेज पुढे ढकलणाऱ्यांच्या डोक्यातही येत नाही. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी प्रकार करणं हा 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, वर पाच हजार ते पन्नास हजार दंड. सिनेमातली म्हातारी लोभाने सडते ते बघून अंगावर काटा येतो, आणि थिएटरबाहेर पडून तोच लोभ शेजारच्या म्हातारीच्या घरात शिरतो!

राहिली बंद घरं. आमच्या वाडीत सात आहेत. कुलूप भुताने लावलेलं नाही, सातबाऱ्यावरच्या नावांनी लावलंय. एका घराच्या उताऱ्यावर एकोणीस जणं आहेत, पैकी कौलं शाकारायला गणपतीआधी एकही येत नाही. रात्री माळ्यावर जे धडपडतं ते मांजर, नाहीतर उदमांजर.

काकूच्या माजघरात बळद आहे, म्हणजे भात साठवायचं खोल कोठार. लहानपणी लपाछपीत मी त्यात उतरायचो, वर आलो की अंगभर भाताची खाजरी कूस. त्याचंच कुणीतरी तळघर केलं.

काकूने त्या पोरांना आत घेतलं, बळद दाखवलं आणि म्हणाली, "उतरताच आहात तर तळाचा भात तेवढा वर काढून द्या, पोरकिडा लागलाय." पोरं चहासुद्धा न घेता गेली.