सोललेलं चीज

गड्ड्याच्या जत्रेला घरात पाहुणा नाही, असं सोलापुरात सहसा होत नाही. यंदा भाची बेंगळुरूहून तीन मैत्रिणींना घेऊन येणार होती. "मावशी, तू धपाटे थापत बसू नकोस. नुसता चीज प्लॅटर कर, एकदम सोपं असतं." ज्याला गॅस पेटवावा लागत नाही ते सोपं, अशी या मुलींची समजूत आहे.

कोपऱ्यावरच्या दुकानात चीज दोनच जातींचं, क्यूब आणि स्लाइस. मी ब्री मागितलं तर त्याने ब्रेड काढून दिला. मग पुण्याहून येणाऱ्या भावजींना यादी पाठवली. पार्मिजानो मीच खोडलं. ते करताना दूध गोठवायला वासराच्या जठरातलं रेनेट लागतं, आणि सिद्धेश्वराच्या अडुसष्ट लिंगांना नमस्कार घालणाऱ्या सासूबाईंपुढे ते ठेवायची माझी छाती नव्हती. बाकीच्या पाकिटांवरचा हिरवा ठिपका भावजींनी फोटो काढून दाखवला. रात्री 'हुतात्मा एक्स्प्रेस'मधून ब्री, चेडर आणि गौडा थर्माकोलच्या डब्यात बसून उतरले. बिल बघून ह्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

"गौडा आले का?" मी भावजींना फोनवर विचारलं, तेवढं सासूबाईंनी ऐकलं. त्यांना वाटलं, कर्नाटकातल्या इंडीकडचे कुणी गौडा आडनावाचे पाहुणे. सकाळी त्यांनी एक वाटी तांदूळ जास्त टाकला. गौडा हे हॉलंडातल्या गावाचं नाव, हे सांगितल्यावर म्हणाल्या, "मग एवढ्या लांबून आलेत, तर जेवूनच जाऊ देत."

लाकडी पाटी हवी होती. चौरंगावर सत्यनारायण बसतो, तेव्हा तो बाद. राहिला पोळपाट. त्यावर द्राक्षं, अक्रोड, बिस्किटांऐवजी कडक भाकरीचे तुकडे आणि मध्ये वाटीत शेंगाचटणी. दिसायला खरंच छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

चीज तासभर आधी फ्रीजबाहेर काढून खोलीच्या तापमानाला आणावं म्हणतात. ही खोली फ्रान्समधली असणार. आमच्याकडे जानेवारीतही दुपारी पारा तिशीच्या आसपास. मी अंघोळ करून आले तोवर चेडरला घाम फुटला होता आणि ब्री पोळपाटावर नव्हतंच.

"वरनं बुरशी धरली होती गं, कापसासारखी," सासूबाई म्हणाल्या. "सोलून टाकली. आतलं चांगलं आहे."

ब्रीचा तो पांढरा पापुद्रा मुद्दाम वाढवलेल्या बुरशीचाच असतो आणि तो खायचा असतो. आता हे कुणाला सांगू? आतलं चांगलं होतं, पण ते आता वाटीभर वाहतं काहीतरी होतं. तेवढ्यात बेल वाजली. मी वाटी तशीच भाकरीशेजारी सरकवली.

ह्यांनी पाहुण्यांना धीर यावा म्हणून पहिला तुकडा गौडाचा उचलला, लाल मेणाच्या सालीसकट. बराच वेळ चावून म्हणाले, "चव आहे, पण चिवट."

मुलींनी मात्र ती वाटी भाकरीने पुसून खाल्ली. एकीने विचारलं, "आजी, हे लोणी घरचं?"

सासूबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग साय कशी साठवायची, विरजण किती घालायचं आणि थंडीत घुसळताना कोमट पाणी कधी टाकायचं, सगळं नीट सांगितलं. मुलीने मोबाइलवर लिहून घेतलं.